कमी रनिंगची गाडी

मर्यादित बजेटची एक गंमत असते. ते मर्यादित आहे हे आपण सोडून सगळ्यांना दिसत असतं. मी जुनी क्रूझर मोटारसायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे साठ हजार रुपये होते, आणि खरं सांगायचं तर तेही माझ्याकडे नव्हते. ते होते सौभाग्यवतीच्या रिकरिंग डिपॉझिटमध्ये, स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधून घेण्यासाठी, आणि त्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंगसुद्धा ठरून गेला होता. हे पैसे ओट्याकडून मोटारसायकलीकडे कसे वळले ती कथा लांब आहे आणि तिच्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. गवंडी गावाला गेला तो परत आलाच नाही.

तुम्ही विचाराल, पन्नाशीला टेकलेल्या, जिना चढताना मधल्या मजल्यावर शेजाऱ्यांची विचारपूस करण्याच्या मिषाने थांबणाऱ्या माणसाला क्रूझर हवी कशाला? तर उंचीसाठी. माझी उंची पाच फूट तीन इंच, तीही सकाळी. साध्या मोटारसायकलीवर बसलं की माझ्या पायांचे फक्त चवडे जमिनीला लागतात, आणि सिग्नलला मी उभा असतो तेव्हा शेजारचे रिक्षावाले सहानुभूतीने थोडे सरकून घेतात. क्रूझर बुटकी आणि लांब. हँडल उंच आणि रुंद, पाय पुढे, सीट खाली. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर असते हे वाचल्यावर मला राहवेना. मी टेप काढली, स्टुलावर दोन गोधड्या आणि एक उशी रचून बरोबर ७३७ मिलिमीटर उंची साधली, हातात लाटणं आडवं धरलं, पाय पुढे पोळपाटावर ठेवले, डोळे मिटले आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. डोळे उघडले तेव्हा दारात सौभाग्यवती आणि वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. काकू साखर न घेताच गेल्या.

अभ्यासाशिवाय खरेदी करायची नाही हा माझा बाणा, आणि अभ्यासानंतर खरेदी होत नाही हा माझा अनुभव. या खेपेला अभ्यासाला भाचा होता. "बुलेट बघू या," असं मी म्हणताच त्याने कपाळाला हात लावला. "मामा, बुलेट क्रूझर नाहीये." मला हे नवीन होतं. १९५५ पासून मद्रासला तयार होणारी, आमच्या लहानपणी फौजदार आणि दूधवाले यांनाच शोभणारी, गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली भांडी थरथरवणारी ती गाडी जर क्रूझर नाही, तर मग क्रूझर कोण? त्याने मला वंशावळ सांगितली. २००१ मध्ये बजाजने कावासाकीची एलिमिनेटर आणली, १७५ सीसीची. २००५ मध्ये तिचीच धाकटी बहीण म्हणून ॲव्हेंजर आली १८० सीसीची, २००७ मध्ये ती २०० झाली, २०१० मध्ये २२०. एन्फील्डने २००२ मध्ये थंडरबर्ड काढली. यामाहाची १२५ सीसीची एन्टायसर मध्येच येऊन गेली. तिच्यावर कॉलेजातली मुलं इतकी रेलून बसत की मागे एक लोड दिला असता तर मैफल सुरू झाली असती. हार्लेने २०१४ मध्ये स्ट्रीट ७५० विकायला काढली आणि २०२० मध्ये भारतातला आपला कारभार गुंडाळायचं जाहीर केलं. त्याच साली एन्फील्डची मीटिऑर आली. "तुझ्या बजेटमध्ये तिचं काय येईल?" मी म्हणालो, "काय?" तो म्हणाला, "की-चेन."

राहिली ॲव्हेंजर, आणि फार झालं तर एखादी थकलेली थंडरबर्ड. ॲव्हेंजरच्या जाहिरातीत तर तिच्यावर बसल्यावर देव झाल्याचा भास होतो असं सांगितलेलं. घरात माझी जी किंमत आहे ती पाहता हा भास साठ हजारांत स्वस्त होता.

मग मी विक्रीच्या जाहिराती वाचू लागलो. या जाहिरातींची एक वेगळीच मराठी असते. सिंगल ओनर, पेपर क्लिअर, बाराचं पासिंग, एक रुपयाचं काम नाही, गाडी मक्खन, बघाल तर घ्याल, टाइमपासवाल्यांनी फोन करू नये. मी टाइमपासवाला नाही हे सिद्ध करण्यासाठी मी प्रत्येक फोनची सुरुवात स्वतःच्या नोकरीपासून करत असे, त्यामुळे पलीकडच्या दोघाचौघांनी मला विमा एजंट समजून फोन ठेवून दिला. ज्यांनी ठेवला नाही त्यांना मी विचारायचो, गाडी का विकताय? उत्तर एकच. "वापर होत नाही."

आणि इथे मला या बाजाराचं मर्म सापडलं असं मला वाटलं. बघा, साधी शंभर सीसीची गाडी विकणारा माणूस ती पिळून विकतो. तिने दूध आणलेलं असतं, शाळा केलेली असते, सिलिंडर वाहिलेला असतो. क्रूझर विकणाऱ्याचं तसं नसतं. त्याने गाडी घेतलेली असते लडाखसाठी. आधी सुट्टी मिळत नाही, मग मित्राचं लग्न ठरतं, मग स्वतःचं ठरतं, मग बाळ होतं, मग चारचाकी येते, आणि लडाखला निघालेली गाडी लोणावळ्याला चिक्की घेऊन परत येते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर पांघरून बसते. म्हणजे जुन्या क्रूझरच्या बाजारात गाड्या म्हाताऱ्या असतात, पण धावलेल्या नसतात. कुणीतरी पूर्ण दाम मोजून स्वप्न घेतलेलं असतं, ते न वापरता, पाव किमतीत, आपल्याला मिळतं! मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "कमी रनिंग बघणे." खाली दोन रेघा मारल्या.

भाच्याने आणखीही नियम दिले होते. पहिला, इंजिन गार असताना बघायला जा आणि पोचल्यावर आधी हात लावून खात्री कर. गरम लागलं तर समज, विकणाऱ्याने आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना ते सहज सुरू होत नसणार. वाकडला एका उंच इमारतीच्या तळघरात एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाची थंडरबर्ड बघायला मी गेलो तेव्हा हा नियम मला तोंडपाठ होता. मुलगा अगदी सज्जन, "या काका" म्हणाला, पाणी विचारलं. मी जाणकाराच्या थाटात गाडीभोवती एक चक्कर मारली, हुंकार दिला, खाली वाकलो आणि पूर्ण तळवा टेकवला. इंजिन गरम असल्याचा माझा निष्कर्ष बिनचूक होता. फक्त तो काढताना माझा हात सायलेन्सरवर होता.

दुसऱ्या हाताने मी परीक्षा चालू ठेवली, कारण अर्ध्यावर सोडलं असतं तर त्याला कळलं असतं. टायरच्या कडेला ३२१४ असा आकडा कोरलेला दिसला. "टायरचे बत्तीसशे चौदा म्हणजे जरा जास्तच होतात, नाही का?" मी विचारलं. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग अतिशय हळुवार आवाजात म्हणाला, "काका, तो भाव नाही. २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात टायर तयार झालाय, असं आहे ते." त्याने घरून बर्नॉल आणून दिलं आणि रिक्षापर्यंत सोडायला आला. भावाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

त्यानंतर भाच्याचं न ऐकता मी साताऱ्याजवळच्या एका गावात जुनी बुलेट बघायला गेलो. क्रूझर नसली तर नसो, किंमत पन्नासच्या आत होती आणि मालक आजोबा स्वतः फौजेतून निवृत्त झालेले होते. त्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी असतो आणि ब्रेक डाव्या, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि पायाला पटणं यांत फरक आहे. शिवाय तिचा पहिला गिअर वर असतो आणि पुढचे सगळे खाली. आता कल्पना करा, शेतातला रस्ता, समोरून येणारी म्हैस, आणि पाच फूट तीन इंचांचा एक सद्गृहस्थ, जो आयुष्यभराच्या सवयीने उजवा पाय खाली दाबतोय, ब्रेक म्हणून. मी दाबला की वरचा गिअर पडायचा. मी आणखी घाबरून दाबायचो. आणखी वरचा पडायचा. जितक्या तळमळीने मी थांबायचा प्रयत्न करत होतो तितक्या व्यवस्थित गाडी वेग घेत होती, आणि चौथ्या गिअरमध्ये म्हशीला डाव्या बाजूने मान देऊन मी कडब्याच्या गंजीत शिरलो. आजोबा काठी टेकत आले. आधी त्यांनी गाडी तपासली, मग गंजी, मग मी. म्हणाले, "बघा, थांबायला काय अडचण न्हाई गाडीला."

यापुढे जाणकार माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही असं घरात ठरलं. म्हणजे सौभाग्यवतीने ठरवलं. नाना पेठेत, जिथे दुचाकीचा खिळ्यापासून चासीपर्यंत कुठलाही भाग मिळतो, तिथे माझ्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत. तुटक बोलतात, तेही गाडीशी. त्यांना मी विजयी मुद्रेने सांगितलं की चिंचवडला २०१३ ची ॲव्हेंजर २२० आहे, एका हातची, आणि इतक्या वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर चाललेली. त्यांनी पान्हा खाली ठेवला. "मग इतकी वर्षं ती करत काय होती?"

मी म्हणालो, उभी होती. "तेच तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या हिशेबात जे भाषण ठरेल ते त्यांनी केलं. चालणारी गाडी झिजते, पण उभी राहिलेली आजारी पडते. टाकी अर्धी रिकामी असली की आत दमट हवा राहते आणि पत्रा आतून गंजतो. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा धरतो. बॅटरी चार्जिंगवाचून मरते. ऑइल सील कडक होऊन चिरतात, मग पहिल्याच खड्ड्याला पुढच्या शॉकअपमधून तेल गळतं. टायरचं रबर ऊन-वारा खाऊन भेगाळतं, नक्षी कितीही शाबूत दिसो. "महिन्यातून दोनदा दहा-वीस किलोमीटर फिरवली असती तर काही झालं नसतं. हालचाल पाहिजे, साहेब. पडून राहिलं की सांधे धरतात." हे शेवटचं वाक्य ते गाडीबद्दल बोलत होते, पण बघत माझ्या गुडघ्याकडे होते. मी वहीतल्या त्या दोन रेघा पुसून काढल्या.

तरी बघायला हरकत नव्हती. पाचशे रुपये आणि मिसळ या बोलीवर ते चिंचवडला आले. सौभाग्यवतीही आली, कारण पैसे तिचे होते. मालक बँकेतून निवृत्त झालेले, गाडीचं कव्हर त्यांनी शालीची घडी उलगडावी इतक्या अदबीने काढलं. मेकॅनिकनी मोबाइलचा दिवा टाकीत मारला (काडी पेटवून बघणारेही असतात म्हणे, फक्त ते एकदाच बघतात), चासी नंबर आरसीशी ताडला, पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवत कोनसेट तपासला, मागचं चाक हलवून बुश पाहिले, गार इंजिन सुरू करून धुराचा रंग न्याहाळला. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टन रिंगचं काम. निळा नव्हता. "इंजिन चांगलं आहे. बाकी सगळं आजारी आहे. बरं होईल," एवढं निदान करून ते मिसळीच्या आठवणीने फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

किंमत पंचावन्न हजार. मला घासाघीस जमत नाही, आणि त्यात त्या घरच्या वहिनींनी थालीपीठ केलं होतं, वर लोण्याचा गोळा. लोणी खाऊन झाल्यावर भाव पाडून मागायचा कसा? मी घसा खाकरून म्हणालो, "पंचावन्न... म्हणजे वाजवीच आहेत." मालकांनाही धक्का बसलेला दिसला. तेवढ्यात सौभाग्यवतीने वहिनींना विचारलं, "तुम्ही कितीदा बसलात हो हिच्यावर?" वहिनी काही न बोलता तिला गॅलरीत घेऊन गेल्या. आत आम्ही दोघे पुरुष इंजिनाबद्दल बोलत राहिलो. कोणालाच त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे मतभेद झाले नाहीत. पाच मिनिटांनी दोघी परत आल्या आणि वहिनींनी जाहीर केलं, बेचाळीस. मालक "अगं, पण..." एवढंच म्हणू शकले. नंतर कळलं, त्या लांबलचक गाडीपायी वहिनींची स्कूटर इतकी वर्षं पार्किंगबाहेर पावसात भिजत होती.

कागदपत्रांचा दिवस वेगळाच रंगला. मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात, ते दोघांनी भरले. मग लक्षात आलं की आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो उतरवायचा राहून गेलेला. हयातभर कर्जखात्यात बसून लोकांचे बोजे उतरवणाऱ्या त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोजा तिथेच होता. पुढे नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट, आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्याची धावपळ. मालकांना मिळत असलेली नो-क्लेम सवलत मलाही मिळेल अशी माझी समजूत होती. ती सवलत गाडीची नसते, माणसाची असते. मालकाबरोबर निघून जाते. मग बॅटरी, दोन्ही टायर, चेनसेट, ऑइल सील, टाकीची आतून सफाई. बेचाळीस हजारांची गाडी एकसष्ट हजारांना पडली. वरचे हजार मात्र माझे होते, हे मी अभिमानाने सांगतो.

गाडी घरी आली आणि मी मोठ्या थाटात बसलो. दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. आयुष्यात पहिल्यांदा! डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. मग पाय उचलून पुढच्या फुटरेस्टवर ठेवायला गेलो. फुटरेस्ट लागेना. क्रूझरचे फुटरेस्ट पुढे असतात हे मी वाचलं होतं, भाच्याला पाठ म्हणून दाखवलं होतं, पोळपाटावर तालीमही केली होती. पण जे पाय जमिनीपर्यंत पुरतात ते फुटरेस्टपर्यंतही पुरले पाहिजेत, हा हिशेब माझ्या टेपेत नव्हता. मी सीटच्या टोकाला सरकलो तेव्हा पाय पोचले, पण मग हँडल पोटात आलं. अखेर पाठीमागे उशी बांधून तोल साधला. आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेल्या माणसाला कुणी खुर्चीसकट उतारावर ढकलून द्यावं, तसा मी सिंहगड रस्त्याने निघालो. साध्या गाडीवर खड्डा दिसला की माणूस पायांवर भार देऊन जरा उठतो आणि धक्का गुडघे घेतात. इथे पाय पुढे पसरलेले, त्यामुळे उठायची सोय नाही. महापालिकेने जे काही ठेवलं असेल ते थेट मणक्यात जमा होतं. आणि गाडी लांब असल्याने वळायला जागा लागते. सदाशिव पेठेतल्या एका बोळात मी यू टर्न घ्यायला गेलो आणि एका वाड्याच्या दारातून आत शिरलो. तिथल्या आजींनी विचारलं, "कोण हवंय?" मी म्हणालो, "कोणी नाही, वळतोय."

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं वाईला निघालो. लडाख नाही, पण खंबाटकी घाट लागतो मध्ये. मी पुढे उशी लावून, दात आवळून, प्रत्येक गतिरोधकाला नावानिशी ओळखत चाललो होतो, मागे सौभाग्यवती. त्या मागच्या सीटला पाठ टेकायला गादीचा टेका असतो. इतक्या वर्षांत माझ्या मागे बसून तिने कधी एवढी शांतता पाळली नव्हती. मला वाटलं रागावली. आरशात पाहिलं तर ती टेक्याला रेलून, ओढणी वाऱ्यावर सोडून शेंगदाणे खात होती. मध्येच खांद्यावर थाप पडली. "अहो, सावकाश घ्या ना. काय छान आहे ही गाडी!" पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या खरेदीला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. मला भरून आलं, आणि त्या नादात एक खड्डा चुकवायचा राहिला.

वाईला घाटावर गाडी उभी केली आणि मला उतरता येईना. कंबर जी बसली ती बसलीच. सौभाग्यवती केव्हाच उतरून, गाडीभोवती फिरून, ओढणीने टाकीवरची धूळ पुसत होती. मी वर, चेहऱ्यावर सहज हसू ठेवून, आपण मुद्दामच बसलो आहोत असं दाखवत. तेवढ्यात एक तरतरीत पोरगा आला. गाडी त्याने मन लावून पाहिली, मग मला पाहिलं, कमरेची उशी पाहिली. "काका, वापर होत नसेल तर देऊन टाका की. मी घेतो." मी तोंड उघडायच्या आत सौभाग्यवती म्हणाली, "गाडी नाही रे द्यायची, बाळा. चालवणारा बघतेय."